बिनपोकळीची

तेबेर्जच्या दुकानात मी गेलो ते मार्च सरताना.
रस्त्याकडेचा बर्फ
करपलेल्या खरवडीसारखा झाला होता.

रोझेर तेबेर्ज. एकतीस वर्षं अकूस्टिक गिटारी.
क्वेबेकच्या आमच्या कोपऱ्यात लग्न असो, मयत असो,
वाजते ती त्याचीच.
आतल्या चिठ्ठीवर तिरकी सही,
भोकातून वाकून पाहावी लागते,
विहिरीत पडलेला पोहरा पाहावा तशी.

मी म्हणालो, इलेक्ट्रिक बघायच्यात.
त्यानं रंधा खाली ठेवला.
"कुणी सांगितलं?"
कुणी म्हणजे काय, सगळ्या गावानं.
कर्ज काढून केलेल्या त्या नऊ नगांवर
गाव दोन हिवाळे हसत होतं:
सुतारानं वायरमनच्या धंद्यात पडू नये म्हणे.

मागच्या खोलीत होत्या, संडासाच्या दाराशेजारी.
मेपलच्या. मोडीत निघालेल्या चर्चच्या बाकांचं लाकूड.
एकीच्या पाठीवर अजून खिळ्याचं भोक,
एकीवर कुण्या कंटाळलेल्या पोरानं
प्रवचन चालू असताना कोरलेला बाण.
माफी मागितल्यासारखा तो दाखवत गेला.
"त्यांच्यात मी जागा सोडतो,"
पुढच्या खोलीकडे हनुवटी करून म्हणाला,
"किती लाकूड काढायचं आणि हात कुठे थांबवायचा,
सगळी विद्या तेवढीच.
इथे काही काढलंच नाही.
भरल्या घागरी आहेत या. वाजत नाहीत."

"अ‍ॅम्प कुठला आहे तुझ्याकडे?"
नाही.
"घेणार आहेस?"
नाही.

मग सांगावं लागलं.
मी रात्रभर बर्फ लोटायचा ट्रक चालवतो,
पहाटे पाचला घरी येतो.
इंजिनाची थरथर अंगातून तासभर उतरत नाही,
बोटांना काहीतरी हवं असतं.
गिस्लेन सातच्या पाळीला जाते, वृद्धाश्रमात.
तिची झोप सहापर्यंत,
आणि मधली भिंत पुठ्ठ्याएवढी.
तुझीच गिटार होती माझ्याकडे, रोझेर.
तिच्याजवळ हळू बोलणं नाही.
चुकून एका तारेला बाही लागली
तरी घर उठवते.
विकली मी ती.

तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग एक उतरवली, वायर न लावता छेडली,
कान लाकडाला टेकवून ऐकली,
आपल्याच हातची, पहिल्यांदाच.
किंमत त्यानं आपणहून साठ डॉलर उतरवली,
मी पन्नास परत चढवले.
अशी उलटी घासाघीस मी आयुष्यात केली नव्हती.

अकरा महिने वाजवली.
फ्रिजच्या घरघरीखाली,
कॉफी निवेपर्यंत,
गिटारीचा खांदा टेबलाला टेकवून.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे
आतून गिस्लेनचा आवाज आला. झोपेतला नव्हता.
"तिसऱ्यांदा तेच येतं ना, तिथे तू घाई करतोस."

टेबलाचा पाय, जमिनीच्या फळ्या,
फळ्यांवर पलंग,
पलंगावर तिचा कान.
अकरा महिने.
"बोलली का नाहीस?"
"तू बंद केलं असतंस."

दुसरी घ्यायला ती बरोबर आली.
बाणवाली उचलली, का ते विचारू नका म्हणाली.
तिला एकच चाल येते, आईकडून आलेली,
तीही अर्धी.
तेबेर्जनं वहीत आमच्या नावापुढचा एक खोडून दोन केला,
उरलेल्या सात बोटानं मोजल्या
आणि त्यातली एक
पुढच्या खोलीत नेऊन टांगली,
खिडकीजवळ नाही,
पण पुढच्या खोलीत.

पिकअपमध्ये मागे मिठाची पोती,
म्हणून पेटी तिच्या मांडीवर.
वळणाआधी खड्डा आहे, चाक आदळलं,
आत सहाही तारा एकदम हलल्या,
बाहेर कुणाला कळू नये इतपत.
समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली,
"आणखी एखादा खड्डा घे."